निरोप मिळाला, स्पष्ट

अमडापुरात रविवारी सकाळी वीज गेली की आनंदानं माडीवर धावणारा माणूस एकच होता, तो म्हणजे शालिग्राम. वय बहात्तर, आणि गुडघे त्याहून दोन-चार वर्षांनी वडील. बाकीचं गाव वीज खात्याच्या नावानं बोटं मोडत ओट्यावर यायचं, तेव्हा हा गृहस्थ जिन्याचा कठडा धरून वर चढत असायचा. दहा मिनिटांनी वीज आली की तो खाली उतरायचा, आणि तेव्हा त्याचं तोंड असं झालेलं असायचं की रुख्मिणीबाई काही न विचारता चहा टाकत.

माडीवर त्यांच्या मुलीचा, डिंपलचा जुना लॅपटॉप होता, एक रेडिओ होता आणि त्या रेडिओला जोडलेली लांबच लांब तांब्याची तार होती. ती तार खिडकीतून निघून, समोरच्या अन्नपूर्णाबाईंच्या अंगणावरून जाऊन, त्यांच्या परसातल्या लिंबाला बांधलेली होती. या सगळ्या व्यवस्थेतून साखरखेर्ड्याहून कचरूचा निरोप येणार होता. तो येत नव्हता.

कचरू आणि शालिग्राम तीस वर्षं खामगावच्या तार ऑफिसात समोरासमोर बसले. दिवसभर गावोगावच्या तारा पाठवायच्या आणि मधल्या वेळात टेबलावर पेन्सिलीनं टकटक करून साहेबाची निंदा करायची, असा त्यांचा संसार होता. कोणाचा हात जास्त जलद, हा वाद निवृत्तीपर्यंत मिटला नाही. निवृत्तीनंतर दोघांनी हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना काढला आणि वाद हवेतून सुरू ठेवला. एक अमडापुरात, एक साखरखेर्ड्यात, आणि दर रविवारी सकाळी टकटक. दोघांच्याही बायकांनी याला नावं ठेवून पाहिली आणि मग नाद सोडला. कचरूची बायको तर पुढे गेलीच बिचारी.

मग कचरूच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज गेला. शालिग्राम पेरूंची पिशवी घेऊन भेटायला गेला, तर कचरूनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हातानं खूण केली, जा. त्याच्या मुलीनं, महामायानं, खूप समजावलं, पण हात हलतच राहिला. शालिग्राम ती पिशवी तशीच घेऊन परतीच्या बसमध्ये बसला. त्याला फार लागलं. दुखणेकऱ्याचा राग धरू नये हे त्याला कळत होतं, पण कळून उपयोग होत नव्हता.

"आता त्यानं बलावल्याबिगर मी त्या गावाची बस धरत नाई," त्यानं घरी येऊन जाहीर केलं.

"हे काय रुसाचं वय हाय का तुमचं?" रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"रुसलो नाई. तत्त्व हाय."

ते तत्त्व तीन महिने टिकलं. मग कचरूचं पोस्टकार्ड आलं. अक्षर वाकडंतिकडं, कारण आवाजापाठोपाठ त्याच्या हातालाही कंप सुटला होता. लिहिलं होतं: "हातानं तार पाठवता येत नाही. यंत्र केलं आहे, ते पाठवील. दर रविवारी दहा ते अकरा. एकशे सदतीस किलोहर्ट्झ. फार हळू असेल. कानांनी ऐकू येणार नाही, पडद्यावर पाहावं लागेल. फोन करू नको, महामायालाही नको. निरोप मिळाला की कार्ड टाक."

आता हे फार हळू म्हणजे किती, तर एक टिंब एक मिनिटाचं आणि एक रेघ तीन मिनिटांची. एकेका अक्षराला पाव तास लागावा. इतकं हळू कशासाठी, तर कचरूच्या यंत्राला जोर नव्हता. एवढ्या खालच्या लहरीवर घराच्या छपरावरून जेमतेम कुजबूज निघते, आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवर ती पोचते तेव्हा खरखरीत बुडालेली असते. पण कुजबूज एकाच सुरात मिनिट-मिनिट टिकून राहिली, तर लॅपटॉप ती वेचून वेचून पडद्यावर एक पुसट रेघ काढतो. "जितकं हळू, तितकं दूर," असं कचरूनं कार्डाच्या कडेला उभं लिहिलं होतं. तीस वर्षं जलद हाताची घमेंड मिरवलेल्या माणसानं हे लिहावं, याचं शालिग्रामला वाईट वाटलं.

पहिल्या रविवारी दहाला तो नवा सदरा घालून पडद्यासमोर बसला. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत खरखरीनं पांढरा फटक. रेघ नाही, टिंब नाही, नुसती खरखर. अकरा वाजले.

रुख्मिणीबाईंनी विचारलं, "काय म्हणे कचरूभाऊ?"

शालिग्रामनं लॅपटॉप मिटला. ज्या माणसाचा आवाज गेला, हात गेला, त्यानं कसंबसं यंत्र जोडून तोंड उघडलं, आणि आपण त्याला कळवायचं की काही आलं नाही? त्यानं कार्ड घेतलं आणि लिहिलं: "निरोप मिळाला. स्पष्ट."

तार ऑफिसात तीस वर्षांत त्यानं न मिळालेल्या तारेची पावती कधी दिली नव्हती. ही पहिली.

पुढच्या रविवारी खरा निरोप येईल आणि मागचं खोटं त्यात भरून निघेल, असा त्याचा हिशेब होता. दुसऱ्या रविवारीही पडदा पांढराच. त्यानं दुसरं कार्ड टाकलं. तिसऱ्याला, थोडा जास्तच जोर यावा म्हणून, "फार स्पष्ट" असं लिहिलं.

या खालच्या लहरींचं एक वाईट असतं. गावात विजेवर चालणारं जे जे काही आहे, ते सगळं तिथं बोंबलत असतं. पिवळे बल्ब गेले आणि पांढरे आले, त्यांची खरखर. मोबाइलच्या चार्जरची खरखर. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताच्या कुंपणाला लावलेल्या झटका मशीनची दर सेकंदाला टकटक. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे भिंतीपलीकडची शेखरची पिठाची गिरणी. शालिग्रामनं शेखरला रविवारी दहा ते अकरा गिरणी बंद ठेवायला सांगितलं.

"रविवारी?" शेखर कपाळावरचं पीठ पुसत म्हणाला. "काका, रविवारीच तं सारं गाव दळण आणते. गावात कोनी मेलं तं त्या दिवशी गिरणी बंद ठेवतो मी, तेवढी रीत हाय. मंग तुमचं काय हाय, कोनी मेलं का?"

"निरोप येऊन राह्यला माह्या मित्राचा."

"मंग फोन लावा ना. काऊन एवढी खटपट?"

हा प्रश्न त्या दोन महिन्यांत शालिग्रामला सगळ्या गावानं विचारला. फोन लावा ना. व्हॉट्सअ‍ॅप करा ना. एकानं तर स्वतःचा फोन काढून हातात दिला. निरोप पाठवणाऱ्यानंच फोन करू नको म्हणून सांगितलंय, हे समजावताना तो स्वतःच अर्ध्यात गोंधळायचा.

समोरच्या अन्नपूर्णाबाई पंचाऐंशीच्या. कानानं कमी, म्हणून टीव्ही जोरात, आणि टीव्हीवरची मालिका रविवारी नेमकी दहाला. शिवाय अंगणावरून गेलेल्या तारेचा उपयोग त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखला होता. तिच्यावर त्या गोधड्या वाळत घालत. एकदा ओली गोधडी तारेसकट खाली आली आणि शालिग्रामला बहात्तराव्या वर्षी लिंबावर चढावं लागलं. खाली उभ्या राहून त्या सूचना देत होत्या, डावा पाय वर घे, तो नाई बाप्पा, डावा.

तिथूनच त्यानं विनंती केली. "आत्या, रविवारी एक तास टीव्ही बंद ठेवान का?"

"मी मेल्यावर ठेवजो बंद," त्या खालून म्हणाल्या. "तवर नाई जमत."

मग त्यानं शास्त्रीय मार्ग धरला. खरखर नेमकी कुठून येते ते शोधायला तो जुना ट्रान्झिस्टर कानाशी धरून गल्लीतून हिंडू लागला. खांबाजवळ जायचं, ऐकायचं, मान हलवायची, वहीत टिपायचं. तिसऱ्या खांबाला पलीकडून कोणीतरी ओरडलं, "चेकिंग आलं रे!" आणि पुढच्या दोन मिनिटांत विजेच्या तारेवर टाकलेले आकडे लांब काठ्यांनी भराभर उतरले. ट्रान्झिस्टर एकदम शांत झाला. शालिग्रामला वाटलं, देव पावला. तो गुडघे विसरून घराकडे पळाला, आणि माडीवर पोचेपर्यंत आकडे पुन्हा आपापल्या जागी गेले होते. त्या दिवसापासून गल्लीत त्याला कोणी रामराम करेना. तीस वर्षं सरकारी नोकरी स्वच्छ केलेल्या माणसाला लोक खबऱ्या समजू लागले, हे त्याच्या जिवाला फार झोंबलं.

शेवटचा उपाय म्हणून तो सुबक अक्षरात अर्ज लिहून वीज खात्याच्या कचेरीत गेला. "दर रविवारी सकाळी दहा ते अकरा आमच्या गावाची वीज कृपया बंद ठेवावी." कारकुनानं अर्ज दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि चष्मा काढला.

"काका, वीज बंद हाय अशी तक्रार असते. चालू हाय अशी तक्रार मी कोणत्या रजिस्टरात लिहू?"

"तक्रार नाही, विनंती आहे." कचेरीत शालिग्राम शुद्ध बोलायचा.

"बंद तं आमी विनंतीबिगरच करतो." मग त्याला बहुधा दया आली. "पण वेळ आमच्या हातात नसते ना काका. असती तं कशाले लोकाच्या शिव्या खाल्ल्या असत्या?"

अर्ज नामंजूर झाला, पण बातमी त्याच्याआधी गावात पोचली. त्यानंतर कधीही वीज गेली की चार-सहा जण शालिग्रामच्या दारात यायचे. "काका, झालं असंल तुमचं तं लावा आता. पोरीची परीक्षा हाय."

सहावं कार्ड टाकल्यावर कचरूचं उत्तर आलं. अख्ख्या पोस्टकार्डावर एकच शब्द होता: "मग?"

शालिग्राम ओट्यावर बसूनच राहिला. मग, म्हणजे निरोपात काहीतरी विचारलेलं होतं. सहा आठवडे कचरू काहीतरी विचारत होता, आणि सहा आठवडे आपण त्याला स्पष्ट, स्पष्ट म्हणून कळवत होतो.

"सरळ जाऊन इचारा ना," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"काय सांगू जाऊन? सहा पावत्या खोट्या देल्या म्हणून सांगू? साऱ्या जिंदगीत त्यानं मले एक अक्षर चुकीचं देलं नाई."

"आन् त्याचं काई महत्त्वाचं असंल तं?"

हेच त्याच्या मनात होतं आणि म्हणूनच त्याला राग आला. कचरूची तब्येत काही सुधारणारी नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं औषध विचारलं असेल, महामायाच्या लग्नाचं विचारलं असेल, काहीही असेल, आणि त्याचं उत्तर द्यायला आपल्याला फार दिवस मिळणार नाहीत. शेवटी शालिग्रामनं सातवं कार्ड लिहिलं, आणि कोणत्याही प्रश्नाला चालेल असं उत्तर शोधून त्यावर टाकलं: "विचार करतो आहे."

आठव्या आणि नवव्या रविवारीही पडदा पांढराच राहिला आणि कार्डं गेलीच.

दहाव्या रविवारी सकाळी सात वाजता समोरून रडण्याचा आवाज आला. अन्नपूर्णाबाई झोपेतच गेल्या होत्या. शालिग्राम धावत गेला, पाहुण्यांना कळवलं, बांबू आणायला माणूस धाडला. ज्या गल्लीत त्याला कोणी रामराम करत नव्हतं, तिथं सगळे त्यालाच विचारू लागले, काका, आता काय, काका, पुढे काय. नऊच्या सुमारास त्याच्या ध्यानात आलं की काहीतरी वेगळं वाटतंय. गिरणी बंद होती. गिरणीपुढे दळणाची वाट पाहणाऱ्या टोपल्या तशाच झाकून ठेवल्या होत्या. गल्लीतला एकही टीव्ही चालू नव्हता. शेतावर गेलेली माणसं मोटारी बंद करून परत आली होती.

दहाला पाच मिनिटं कमी होती. तो त्या गर्दीत घड्याळाकडे पाहू लागला आणि स्वतःचीच लाज वाटून त्यानं हात मागे घेतला. समोर म्हातारी निजलेली आणि आपल्याला खरखर सुचते आहे!

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून रुख्मिणीबाई उठून आल्या. "जा," त्या हळूच म्हणाल्या. "यंत्र चालू करून या फक्त. त्याचं ते काढते ना रेघा? आत्याबाईनं कबूल केलतं तुमाले."

तो माडीवर गेला, यंत्र चालू केलं आणि लगेच खाली येऊन तिरडीला खांदा दिला.

स्मशानातून परतून अंघोळ करून, ओल्या केसांनीच तो वर गेला तेव्हा एक वाजत आला होता. पडदा काळा होता. दहा आठवड्यांत पहिल्यांदाच काळा. आणि त्या काळ्यावर, नखानं ओरखडल्यासारखी, एक पुसट रेघ होती. मग टिंब. मग रेघ, पुन्हा रेघ. थोडी मोकळी जागा सोडून एकच टिंब. बस. तेवढंच, तासाभरात तीन वेळा.

तारेतली मराठी इंग्रजी अक्षरांत जायची. शालिग्रामच्या बोटांनी ते आपसूकच टेबलावर वाजवलं. वाय. ई.

ये.

दहा आठवडे कचरू एवढंच सांगत होता. आणि दहा आठवडे शालिग्राम त्याला कळवत होता, मिळाला, स्पष्ट, फार स्पष्ट, विचार करतो आहे. तो खाली आला तेव्हा त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. रुख्मिणीबाईंनी लावली. त्यानं पडद्यावरचं कागदावर उतरवून घेतलेलं होतं, ते त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं नाही, त्यांना त्या टिंबारेघा कळत नव्हत्या. पण त्या म्हणाल्या, "गिरणी बंदच हाय. शेखरले म्हणा गाडी काढ."

शेखरनं मोटारसायकल काढली. वाटभर शालिग्रामच मागून बोलत होता, आधी माफी मागू का आधी कागद दाखवू, का सरळ शिव्याच देऊ, एवढ्या एका शब्दासाठी दहा आठवडे लावतात का बे म्हणून. त्यानं सगळं ठरवून ठेवलं. साखरखेर्ड्यात शिरताना त्याला जवळजवळ बरं वाटायला लागलं होतं.

कचरूच्या गल्लीच्या तोंडाशी शेखरनं गाडी एकदम हळू केली. रविवार, दुपारचे तीन, आणि कोपऱ्यावरच्या गिरणीच्या दारापुढे दळणाच्या पिशव्यांची रांग.

"काका," तो म्हणाला, "गिरणी बंद हाय."

शालिग्रामनं ऐकलं. बाकीची वाट तो पायी गेला.

अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. आत मेणबत्त्या लावलेल्या होत्या. कचरू लहानसा दिसत होता, आणि आता भिंतीकडे तोंड करून नव्हता. शालिग्राम त्याच्या पायाशी बसला. रस्त्यात ठरवलेलं काहीएक त्याला आठवलं नाही.

महामाया जवळ येऊन बसली. रडून तिचा आवाज बसला होता. "काका, तुम्हाला फोन करायला मी आत्ता कुठं नंबर शोधत होते. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"सकाळी दहाला बाबांनी यंत्र स्वतः लावलं. संपेपर्यंत बसून राहिले. साडेअकराला गेले."

तिनं फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून त्याच्यासमोर ठेवला. आत त्याचीच नऊ कार्डं होती, तारखेनं लावलेली. प्रत्येकावर आडवं, तांबड्या पेन्सिलीनं, कापऱ्या हातानं लिहिलेलं होतं: खोटं. खोटं. खोटं. 'फार स्पष्ट' वर दोनदा.

"दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी आमची तार वाऱ्यानं तुटली होती," महामाया म्हणाली. "काही पाठवलंच नव्हतं. तरी तुमची कार्डं आली. बाबा इतके हसले काका, आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. 'विचार करतो आहे' आलं त्या दिवशी तर त्यांना ठसका लागला. मी म्हटलं, मी फोन करून बोलावते काकांना. तर लिहून दाखवलं, नको. मीच त्याला हाकललं, मीच बोलावीन. ऐकून येऊ दे."

शालिग्रामनं खिशातून घामानं ओला झालेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. तिला बापानं शिकवलेलं असावं. ती बोट फिरवत वाचत गेली, आणि शेवटच्या टिंबावर तिचं बोट थांबलं.

"ऐकून आले तुम्ही," ती म्हणाली.

"हो. ऐकून आलो." आणि मग तो बहात्तर वर्षांचा माणूस सगळ्यांसमोर रडला. तीस वर्षांच्या नोकरीची लाज त्यानं त्या वेळी धरली नाही.

थोड्या वेळानं तिनं डब्याच्या तळाशी असलेली एक चिठ्ठी काढली. कचरूचंच अक्षर. "शालिग्राम आला तर विचार, ऐकून आला की कोणी सांगून. सांगून आला असेल तर पाणी दे. ऐकून आला असेल तर चहा कर, साखर जास्त, त्याला डॉक्टरनं मना केलं आहे तरी."

घरात चूल पेटायची नव्हती. महामाया उठली, शेजारच्या बाईच्या कानाशी काही बोलली, आणि त्या घरून स्टीलच्या पेल्यात चहा आला. शालिग्राम तो हातात धरून कचरूजवळ बसला. दुसऱ्या हाताची बोटं पेल्याच्या कडेवर हळूहळू वाजत होती, आणि मागून येऊन दारात उभ्या राहिलेल्या शेखरला वाटलं काकांचा हात थरथरतो आहे. चहा फार गोड होता. त्यानं सगळा प्यायला.